सेवाग्रामची कुटी व विदर्भाचा उन्हाळा

ग्रीष्म ऋतूच्या वर्णनात संस्कृत कवींनी जी शब्दसंपत्ती वेचली आहे, ती वाचताना पुण्या-कोकणाकडील वाचकांस पुष्कळदा अतिशयोक्तीचा भास होतो. पाणी समजून मृगजळामागे धावणारी हरणे, छायेसाठी मोराच्या पिसाऱ्याखाली जाऊन बसलेला साप, ही सारी कविकल्पना होय असे म्हणून आपण पान उलटतो. परंतु ज्याने विदर्भातील एक तरी वैशाख-ज्येष्ठ काढला आहे, त्यास कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मानेच का केला हे निराळे सांगावे लागत नाही. 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत प्रसिद्धच आहे. ते ग्राह्य धरल्यास, आषाढातील पहिल्या मेघाकडे इतक्या आर्ततेने पाहणारा यक्ष त्यापूर्वीचे दोन महिने कोठे व कसा राहिला असेल, याचीही कल्पना करता येते.

या ऋतूत घर निवावे कसे, हा प्रश्न अलीकडे घरोघर पडलेला दिसतो. पूर्वी तो वऱ्हाड-नागपूरकडचा समजला जाई. आता पुणे-नाशिककडील कुटुंबांतही चैत्र उजाडताच पंखा पुरेना, कूलर घ्यावा की वातानुकूलन-यंत्र बसवावे, ही चर्चा सुरू होते. आमच्याही घरी ती झाली. तरुण मंडळींचे मत यंत्राकडे, गृहिणीचे लक्ष विजेच्या देयकाकडे, आणि आम्हां वृद्धांस रात्रीची झोप हवी. अशा वेळी बाजारात जाऊन किमती विचारण्यापूर्वी, ज्या प्रदेशात माणसांनी ही तपश्चर्या शतकानुशतके केली, तेथील घरे एकदा पाहून यावी असे आम्ही ठरविले. आणि त्यांतही जे घर साऱ्या जगास ठाऊक आहे, ते सेवाग्रामचे. जावयाचे तर नवतप्याच्या तोंडावरच जावे, असाही आमचा आग्रह होता. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. तेथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. घराची परीक्षा करावयाची ती याच दिवसांत.

नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जे स्थानक पूर्वी वर्धा पूर्व या नावाने ओळखले जाई, त्यास आज सेवाग्राम म्हणतात. आश्रम मात्र वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर आहे. वाटेने दुतर्फा कपाशीची मोकळी, काळी, भेगाळलेली शेते, मध्येच एखादे पळस किंवा कडुनिंबाचे झाड, आणि डांबरी रस्त्यावर थरथरणारी हवा. सकाळी दहाच्या पुढे या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दुपारी पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे नवलाचे नाही.

या गावाचे मूळ नाव शेगाव. जमनालाल बजाज यांची येथे जमीन होती व त्यांच्याच आग्रहावरून गांधीजी वर्ध्याकडे आले. बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावाशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० साली या गावास 'सेवाग्राम' हे नाव मिळाले. गांधीजी येथे राहावयास आले तो दिवस ३० एप्रिल १९३६. वाचकांनी ही तारीख लक्षात घ्यावी. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे जे दिवस, त्या दिवसांत ६६ वर्षांचा हा वृद्ध वर्ध्याहून पायी चालत या माळावर आला. त्यापूर्वी मार्चमध्ये जमनालालजींस लिहिलेल्या पत्रात, झोपडीचा खर्च कोणत्याही परिस्थितीत १०० रुपयांवर जाता कामा नये, अशी अट त्यांनी घातली होती. ऑगस्ट १९४६ मध्ये ते येथून गेले ते परत आले नाहीत. अशी सुमारे दहा वर्षे हीच त्यांची गृहव्यवस्था होती.

आश्रमाच्या आवारात शिरल्यावर प्रथम दिसते ते आदि-निवास. आरंभी गांधीजी, कस्तुरबा व इतर सर्व मंडळी या एकाच दालनात राहत. बायकांस थोडा आडोसा हवा, ही गोष्ट पुढे जमनालालजींच्या लक्षात आली व बा-कुटी उभी राहिली. जी आज बापू-कुटी म्हणून ओळखली जाते, ती मूळची मीराबेनची. तिच्या भिंतीवर मातीतच उठविलेले ताडवृक्ष, चरखा व ओंकार ही त्यांच्याच हातची कला. जवळच परचुरे-कुटी आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांस महारोग जडला व आप्तांनीही जवळ करण्याचे दिवस राहिले नाहीत, तेव्हा ते येथे आले आणि गांधीजी स्वहस्ते त्यांच्या अंगास मालीश करीत. ज्यांनी आयुष्यभर देववाणी पढविली त्या आम्हांसारख्यांस या लहानशा कुटीपुढे पाय थबकविल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता घराकडे वळू. बापू-कुटीत भर दुपारी पाऊल टाकावे, म्हणजे प्रथम डोळ्यांस अंधारी येते आणि मग अंगास जाणवते की उन्हाची धग मागे राहिली. आत यंत्र नाही. जमिनीवर चटई, बैठकीस पाठ टेकावयास फळी, लिहिण्याचे लहान मेज, बस्स. मग हा निवारा येतो कोठून? आम्ही बराच वेळ तेथे बसून एक एक अंग न्याहाळले.

पहिली गोष्ट ओसरीची. कुटीभोवती छपरी आहे व तिची पागोळी इतकी खाली आलेली की उंच माणसास वाकूनच आत यावे लागते. याचा अर्थ असा की मुख्य भिंतीवर ऊन पडतच नाही. दुसरी गोष्ट भिंतीची. लाकूड-बांबूच्या सांगाड्यावर माती लिंपून ती केली आहे. माती उष्णता हळूहळू घेते व हळूहळू सोडते. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, छपराची. विदर्भात ज्यांस कवेलू म्हणतात, ती हातची देशी कौले एकमेकांवर चढवून घातलेली असतात. त्यांच्या फटींतून ऊन येत नाही, पण आत साचलेली गरम हवा मात्र वर निघून जाते. जमीन शेणाने सारवलेली. आणि खिडक्यांच्या जागी बांबूच्या जाळ्या, ज्यांतून रात्रीची गार हवा खेळते.

छपरास सर्वांत महत्त्वाचे म्हणण्यास कारण आहे. सेवाग्राम हे विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेएकवीस अंशांच्या सुमारास वसले आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येथे मध्यान्ही सूर्य ऐन डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. म्हणजे नवतपा ज्या दिवशी बसतो, त्याच सुमारास येथे शून्य सावलीचाही दिवस असतो. ज्योतिषाचा हा मेळ आम्हांस फार मनोरम वाटला. परंतु त्यातून निघणारा व्यावहारिक अर्थ अधिक मोलाचा आहे. सूर्य माथ्यावर असता दुपारच्या उन्हाचा मारा भिंतींवर थोडा व छपरावर सारा. दर चौरस मीटरवर मध्यान्ही सुमारे १ किलोवॅट इतकी उष्णता पडते. दहा फूट लांब-रुंद खोली घेतली, तर हजार वॉटच्या नऊ विजेच्या शेगड्या तिच्या माथ्यावर पेटवून ठेवल्यासारखे ते होते!

या दृष्टीने आपल्या आजच्या घरांकडे पाहावे. चार-पाच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब उन्हाने तापून त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जातो. ती उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते आणि स्लॅबच्या पोटात साठलेली ऊब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओतली जाते. याच्या उलट एक फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून ऊन आत पोहोचावयास आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र होते, दारे-खिडक्या उघडतात, आणि माणसे अंगणात बाजा टाकून निजलेली असतात. गांधीजीही बहुधा उघड्या आकाशाखालीच निजत. दुपारी डोक्यास ओले फडके व पोटावर मातीची पट्टी हा त्यांचा परिपाठ होता. दिवसा मातीच्या आडोशास व रात्री आकाशाखाली, हे दोन्ही मिळून एकच व्यवस्था होय. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

आश्रमातून बाहेर पडून आम्ही गावात गेलो. तेथे एका वृद्ध बाईंच्या अंगणात निंबाखाली क्षणभर विसावलो. त्यांचे नवे पक्के घर समोर, आणि मागच्या बाजूस जुनी मातीची एक खोली. आम्ही विचारले, "आजी, नव्या घरात राहावयास बरे वाटते ना?" त्या म्हणाल्या, "बरं हाये गुरुजी. पावसाची चिंता नाही, साप-किरडाचं भेव नाही, दर साली कवेलू फेरायचं काम नाही. पण उन्हाळ्यात दुपारच्याला तिथं बसवत नाही. दिवसा मी या मागच्या खोलीत, रातच्याला आंगनात." आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "मग ही खोली ठेवणार ना?" त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सून म्हणते पाडू. सारवाचं कोनं, बाई?"

या एका प्रश्नात सारे आले. मातीच्या घराचे गुणगान करणे सोपे आहे. ते राखणे कठीण. दरसाल पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतात, झडीच्या बाजूस ताट्या बांधाव्या लागतात, वाळवी लागली तर लाकूड बदलावे लागते, आणि आठवड्यास सारवण करावे लागते. हे काम आजवर कोणी केले? घरच्या बायकांनी. बापू-कुटी पाहून सद्गदित होणाऱ्या पुरुष-प्रवाशांनी हे विसरू नये. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे प्रसिद्ध विचारवंत सेवाग्रामास आले असता या कुटीत बसले व तिच्या संदेशाविषयी त्यांनी भाषण केले. घर व निव्वळ सामान ठेवण्याची जागा यांतील भेद त्यांस येथे उमगला. त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या आजींच्या सुनेचा प्रश्नही तितकाच खरा आहे. जुन्याचा गारवा व नव्याचा टिकाऊपणा एकत्र आणता आला, तरच हा तंटा मिटेल.

असा प्रयत्न वर्ध्यातच झाला आहे, हे कळल्यावर आम्हांस समाधान वाटले. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली स्थापिलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर होणारी शंकूच्या आकाराची पोकळ कौले प्रचारात आणली. एका शंकूचे निमुळते टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवीत गेले की मातीची कमान तयार होते. अशा कमानी एकीस एक लावून वरून गिलावा केला, की लाकडावाचून व लोखंडावाचून छप्पर उभे राहते. शंकूंच्या पोकळीत हवा कोंडलेली असल्याने उष्णता सहजासहजी खाली उतरत नाही, दरसाल कौले फेरण्याचे काम उरत नाही, आणि गावच्या कुंभारास रोजगार मिळतो. आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याने बांधावे, हे गांधीजींचे वचन लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाने आयुष्यभर उराशी बाळगले व केरळात शेकडो घरे त्याच धोरणाने बांधली. वर्ध्याचे हे छप्पर त्याच कुळातले होय.

आता यंत्राकडे. विदर्भातील बहुतेक घरांत उन्हाळ्याचा सोबती म्हणजे कूलर. खसच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्या, त्यांवरून झिरपणारे पाणी, व मागे पंखा. ही कल्पना नवी नाही. दारास वाळ्याची ताटी लावून तीवर पाणी शिंपडणे जुनेच. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या तापशमनासाठी उशीराचा लेप नेत आहेत, तो उशीर म्हणजे हाच वाळा. आणि 'ऋतुसंहारा'त जलयंत्रमंदिराचा उल्लेख आहे. तत्त्व एकच. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सभोवतालची सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. हिशेब करता तासास सुमारे ५ लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर ते एक टनाच्या वातानुकूलन-यंत्राइतके काम करते. वीज मात्र केवळ पंख्याची व लहानशा पंपाची.

परंतु हे साधते ते हवा कोरडी असेतोवर. मेमध्ये दुपारी ४५ अंश उष्णता व हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असता, ओल्या ताटीतून येणारा वारा तीस अंशांच्या घरात येऊ शकतो. तोच कूलर जुलैत, आर्द्रता ८० टक्के असता लावला, तर दोन-तीन अंशही उतार पडत नाही, उलट अंथरूण दमट होते. याच कारणाने कोकणात व मुंबईत कूलर निरुपयोगी. दुसरे असे, की कूलरला बाहेरची ताजी हवा आत व आतली हवा बाहेर जावयास वाट हवी. खिडक्या बंद करून खोलीत कूलर लावणाऱ्या मंडळींस तो 'काम देत नाही' असे वाटते, त्याचे मर्म येथे आहे. आणि तिसरे, पाणी. ज्या महिन्यात विहिरी तळ गाठतात त्याच महिन्यात हे यंत्र रात्रीत दोन-तीन बादल्या पिऊन टाकते. म्हणून आधी छप्पर निववून कूलरचे काम कमी करणे, हीच पाण्याचीही काटकसर होय.

हे तत्त्व केवळ उन्हाळ्यापुरते नाही. शीत देशांत मोटारीतच बिछाना, चूल व मोरी करून महिनेन् महिने हिंडणारी कुटुंबे असतात. त्यांच्यापुढे आपल्या उलट प्रश्न: बाहेर बर्फ, आणि पत्र्याची ही चिमुकली खोली उबदार राहावी कशी? तेथील अनुभवी माणसे नव्यास सांगतात ते हेच, की मोठी शेगडी घेण्यापूर्वी पत्र्याच्या आत उष्णतारोधक थर घाला, काचांस जाड पडदे लावा, दारांच्या फटी बुजवा. मग लहान शेगडीही पुरते. शेगडी निवडताना तिचा जाळ बाहेरची हवा घेणारा व धूर बाहेर टाकणारा असावा, नाहीतर वायू जळून निघणाऱ्या वाफेने भिंतींस पाणी सुटते, आणि कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठून निजलेली माणसे पुन्हा उठत नाहीत. ऊब असो वा गारवा, आधी आवरण, मग वायुवीजन, आणि शेवटी यंत्र, हाच क्रम.

धुराची गोष्ट निघाली म्हणून आठवण होते ती वर्ध्याच्या मगनवाडीची. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे चालविले व १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालय सुरू झाले. धुराडे असलेली, बायकांच्या डोळ्यांचा व फुप्फुसांचा विचार करणारी 'मगन चूल' याच परिसरातली. स्वयंपाकघरातील उष्णता व धूर बाहेर घालविणे हेही घर निवविण्याचेच अंग आहे. दुपारच्या निवाऱ्याची चर्चा करणाऱ्या पुरुषांनी सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरात पाच मिनिटे उभे राहून पाहावे.

मग शहरातील गृहस्थाने काय करावे? आमच्या समजुतीप्रमाणे क्रम येणेप्रमाणे आहे. प्रथम गच्ची. तीवर चुन्याची किंवा तत्सम पांढरी सफेदी उन्हाळ्यापूर्वी द्यावी. ऊन परावर्तित होऊन खालची खोली दोन ते पाच अंशांनी निवते व खर्च थोडका. अहमदाबाद शहराने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली जी उष्णता-कृतियोजना आखली, तिच्या पुढील वाटचालीत गरीब वस्त्यांच्या छपरांस अशीच सफेदी देण्याचा उपक्रम झाला. दुसरे, पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांस बाहेरून ताटी किंवा चिक. पडदा आतून लावल्यास ऊन काच ओलांडून आत आलेलेच असते. तिसरे, दिवसा दहानंतर दारे-खिडक्या बंद व रात्री सर्व उघड्या. आमच्या आज्या हेच करीत. चौथे, कोरड्या प्रदेशात कूलर. आणि इतके करूनही वृद्ध, आजारी किंवा बाळंतीण यांस रात्री झोप येत नसेल, तर एका खोलीपुरते वातानुकूलन-यंत्र खुशाल बसवावे. त्यात कमीपणा नाही.

हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहितो. सेवाग्रामलाच १९६९ साली सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय व कस्तुरबा रुग्णालय आहे. उष्माघात ही कविकल्पना नव्हे. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले व शुद्ध हरपू लागली, तर घटकाभराचा विलंबही जिवावर बेततो. आमच्या वयाच्या माणसास तहान उशिरा लागते, घाम कमी येतो. म्हणून दिवसाइतकीच न निवणारी रात्र घातक ठरते. अशा घरात साधेपणाच्या नावाखाली म्हाताऱ्यांस उकाड्यात ठेवणे हे गांधीजींच्या शिकवणीस धरून होईल असे आम्हांस वाटत नाही. ज्यांनी परचुरे शास्त्र्यांस आपल्या कुटीशेजारी घर दिले, त्यांनी घराची परीक्षा त्यातील सर्वांत दुबळ्या माणसावरूनच केली असती.

आमच्या घरी निर्णय झाला तो असा: यंदा गच्चीस सफेदी, पश्चिमेच्या खिडकीस वाळ्याची ताटी, आणि यंत्राचा विचार या दोहोंचा अनुभव घेऊन. सफेदीस चार घमेली चुना व दोन दिवसांची मजुरी लागली. वाचकांपैकी ज्यांस सेवाग्रामास जाण्याचा योग येईल, त्यांनी तो हिवाळ्याच्या सुखद दिवसांतच साधू नये. एखादा तरी उन्हाळा निवडावा, दुपारी दोन वाजता त्या लवलेल्या पागोळीखालून वाकून आत जावे, आणि घटकाभर स्वस्थ बसावे. घर म्हणजे काय, हे तेथे अंगास कळते.